कॅबिनेटचे जादा फॅन : एक उन्हाळा आणि एक कापूस हंगाम वापरल्यानंतर

माझ्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटसोबत, म्हणजे सगळे भाग ज्या डब्यात बसतात त्यासोबत, आलेल्या तीन रंगीत फॅनांपैकी मधला फेब्रुवारीत घरघरायला लागला, तिथून हे सगळं सुरू झालं. बिल हातात होतं, वर्षही भरलेलं नव्हतं. दुकानदार म्हणाला, "फॅनले कायची वॉरंटी भाऊ, वॉरंटी कॅबिनेटले राहते." कॅबिनेटला स्क्रूने कसलेला फॅन कॅबिनेटचा भाग नाही, हे मला अजून पटलेलं नाही. कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की अख्खं कॅबिनेट पॅक करून कुरिअरने पाठवा, खर्च तुमचा. अकोल्यात लग्नांच्या व्हिडिओचं काम करणाऱ्याने लग्नसराईच्या तोंडावर मशीन उघडून ठेवायचं, आणि वर कुरिअरला फॅनपेक्षा जास्त पैसे भरायचे!

बरं, तेवढा एकच फॅन बदलावा म्हटलं तर तीही सोय नाही. त्या फॅनांची पिन सहा काट्यांची, ती त्यांच्याच हबमध्ये (फॅन जोडायच्या छोट्या पाटीत) बसते, बाजारातला दुसरा फॅन तिथे लागत नाही. हबला वीज मोलेक्समधून, म्हणजे पॉवर सप्लायच्या थेट प्लगमधून, त्यामुळे फॅन कायम एकाच वेगाने फिरणार. मदरबोर्डला (सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीला) त्यांचा वेग दिसतही नाही आणि बदलताही येत नाही. कॅबिनेट घेताना रंगीत दिवे बघण्याआधी ही पिन बघा.

शेवटी 120 मिमीचे, चार काट्यांचे (म्हणजे ज्यांचा वेग मदरबोर्ड बदलू शकतो असे), साधे काळे पाच फॅन घेतले. दिवे नाहीत. पाचांचा संच साधारण तीन हजारांत आला. नॉक्टुआ या महागड्या कंपनीचे तपकिरी फॅन घ्यायची इच्छा होती, पण तिथे एकाच फॅनला जवळपास तेवढे मोजावे लागत होते. या फॅनांच्या वायरी एकमेकींत जोडता येतात, त्यामुळे पाचही मदरबोर्डच्या एकाच हेडरवर (फॅनची वायर जोडायच्या जागेवर) चालले. तुम्ही असं करणार असाल तर फॅनच्या पाठीवरच्या स्टिकरवर लिहिलेल्या अँपिअरची बेरीज करून बघा. बहुतेक बोर्डांवर एका हेडरची मर्यादा 1 अँपिअर असते, आणि दिव्यांचे फॅन जास्त ओढतात.

मशीनमध्ये आय5-12400 प्रोसेसर, त्याच्यासोबत आलेला कूलरच, आणि आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड. समोर तीन फॅन आत हवा घेणारे, मागे एक आणि वर एक बाहेर टाकणारे. पहिल्या रेंडरला (व्हिडिओची अंतिम फाइल तयार करताना) प्रोसेसर 91 अंशांवरून 88 वर आला. तीन हजारांत तीन अंश! मग समोरची काच काढली, तिथे नुसती पत्र्याची जाळी उरली. खोली तीच, प्रोजेक्ट तोच, फॅनचा वेगही तोच. प्रोसेसर 81, ग्राफिक्स कार्ड 82 वरून 73. पाच फॅनांनी जे केलं नाही ते एक काच काढून झालं, आणि फुकटात झालं. त्या काचेच्या दोन्ही कडांना बोटभरही फट नव्हती, तीन फॅनांनी हवा ओढायची तरी कुठून? दुकानात काचेमागे दिवे सुंदर दिसतात म्हणून हे कॅबिनेट खपतं. विदर्भात, खानदेशात राहणाऱ्याने समोर काच असलेलं कॅबिनेट घेऊच नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

फॅनांच्या संख्येबद्दलही एक हिशेब सांगतो. कॅबिनेटच्या आत 300 वॅट उष्णता तयार होत असेल आणि त्यातून मिनिटाला खरोखर 50 घनफूट हवा जात असेल, तर ती हवा साधारण 10 अंशांनी तापून बाहेर पडते. हवा दुप्पट केली तर 5 अंश, चौपट केली तर अडीच. म्हणजे पहिल्या दोन-तीन फॅनांना खरी किंमत आहे, पुढच्या प्रत्येकाचा फायदा कमी कमी होत जातो. आणि हे सगळं खोलीच्या तापमानावर मिळवायचं. फॅन हवा थंड करत नाही, तो फक्त हलवतो.

वरचा फॅन मी नंतर काढून टाकला. तो छताच्या पुढच्या टोकाला बसवला होता, आणि उदबत्ती धरून पाहिलं तर समोरून आत आलेला धूर प्रोसेसरच्या कूलरपर्यंत पोचायच्या आधीच तो वर ओढून घेत होता. काढल्यावर तापमान एक अंशानेही वाढलं नाही. शिवाय आत घेणारे तीन आणि बाहेर टाकणारा एक असा मामला राहिला की आत दाब थोडा जास्त राहतो, हवा फटीफटींतून न शिरता समोरच्या जाळीतूनच येते. धुळीला एकच दरवाजा उरतो.

मे महिन्यात बाहेर पारा 45 ला गेला. दुपारी खोलीत पाण्याचा कूलर चालू नसेल तर मी रेंडर लावत नाही, कितीही फॅन असोत. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली 30-32 पर्यंत आणतो, आणि खोली जितकी उतरते साधारण तितकाच प्रोसेसर उतरतो. मात्र कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. झोतासोबत पाण्याचे बारीक तुषार येतात, आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारांचं, आणि ओलसर पात्यांवर बसलेली धूळ ब्रशने निघत नाही. माझं टेबल आता कूलरच्या आडव्या भिंतीला आहे.

पावसाळ्यात हा अनुभव लिहिला असता तर फॅनांना पैकीच्या पैकी गुण दिले असते. दिवाळीनंतर जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करण्याचं काम) सुरू झालं आणि मत बदललं. फॅनांबद्दल नाही, जाळीबद्दल. माझं काम चालतं त्या भागात कापसाच्या गाड्यांची ये-जा असते, हवेत तंतू असतात. काच काढल्यावर समोर उरली होती ती कंपनीची मोठ्या छिद्रांची पत्र्याची जाळी. धूळ तिच्यातून सरळ आत जाते, पण कापसाचा तंतू छिद्राच्या कडेला अडकतो, त्याला दुसरा चिकटतो, मग त्यावर धूळ बसते. आठवड्याभरात जाळीवर राखाडी नमदा तयार झाला. नखाने कोपरा उचलला तर अख्खा थर सलग सोलून हातात आला, पाठीमागे छिद्रांचे ठसे उमटलेले. त्या आठवड्यात तापमान 8 अंशांनी चढलं होतं आणि फॅन पूर्ण वेगाने ओरडत होते.

तयार चुंबकी फिल्टर ऑनलाइन मिळतात, पण एकाची किंमत ऐकून परत आलो. खिडकीला डासांसाठी लावतात ती बारीक नायलॉन जाळी हार्डवेअरच्या दुकानातून अर्धा मीटर आणली आणि कडेने फ्रिजच्या दारातली जुनी चुंबकी पट्टी कापून शिवली. समोर दोन सारख्या जाळ्या केल्या आहेत. एक लावलेली, एक धुऊन वाळत. हंगामात दर रविवारी बदलतो, एरवी महिन्याने. जाळीमुळे प्रोसेसर 2 अंश जास्त तापतो, ते मी आनंदाने सोसतो, कारण ग्राफिक्स कार्डाच्या पंखांत कापूस बसला की ते उघडून साफ करायला माझा अख्खा दिवस जातो. या खर्चात मिळालेली सगळ्यात उपयोगी वस्तू कोणती विचाराल तर ही जाळी. फॅन तिच्यानंतर.

ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने फॅन सुसाट फिरला तर बेअरिंगची वाट लागते, आणि फिरता फॅन उलटी वीजही तयार करतो.

आवाजाबद्दल थोडी तक्रार आहे. साधारण हजार आरपीएमच्या (मिनिटाला हजार फेऱ्यांच्या) आसपास हे फॅन एक बारीक गुंजन काढतात, रात्री हेडफोन काढल्यावर ते जाणवतं. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) फॅनचा कर्व्ह, म्हणजे कोणत्या तापमानाला किती वेग, असा लावला की 60 अंशांपर्यंत 800, आणि त्यापुढे सरळ 1300. मधे रेंगाळणं नाही. गुंजन गेलं.

आता घ्यावं की नाही? रोज रेंडर, गेमिंग असं जड काम असेल तर समोर दोन, मागे एक, चार काट्यांचे साधे फॅन, आणि समोर जाळीचं कॅबिनेट. माझ्या संचातला पाचवा फॅन डब्यात पडून आहे, तीनचाच संच मिळाला असता तर पाचशे-हजार वाचले असते. टॅली, टायपिंग, ब्राउझिंग एवढंच असेल तर मागचा एक फॅन पुरतो, उरलेल्या पैशांत यूपीएसची बॅटरी बदला.