कुंडीतली ओल मोजताना: दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑगस्टमध्ये माझा कढीलिंब गेला. सहा वर्षांचं झाड, सांगोल्याला काकांच्या विहिरीकाठच्या झाडाचा फुटवा. पानं पिवळी पडून गळायला लागली, वरची माती बोटाला कोरडी लागायची, म्हणून मी पाणी घालत राहिले. शेवटी कुंडी उलटी केली, तर खाली नुसता चिखल. मुळं काळी पडली होती, चिमटीत धरली की साल निसटून हातात येत होती, आणि वास गटारासारखा. वर दोन इंच कोरडं, खाली डबकं. फार वाईट वाटलं. कुंडीच्या आत काय चाललंय हे आपल्याला कळायलाच हवं, असं तेव्हा ठरवलं.

आमचा फ्लॅट कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर, गॅलरी पश्चिमेची, कुंड्या सव्वीस. ऑक्टोबर ते जुलै या काळात तीन प्रकारची साधनं वापरून झाली.

पहिलं म्हणजे दोन दांड्यांचा, काट्याचा मीटर. ओल, उजेड आणि सामू (पीएच) असं तिन्ही दाखवतो, बॅटरी लागत नाही. दोन दांड्या दोन वेगळ्या धातूंच्या असतात आणि ओल्या मातीत त्यांच्यात जो बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो, त्यावर काटा हलतो. अडचण तिथेच आहे, कारण हा प्रवाह पाण्याइतकाच क्षारांवरही अवलंबून असतो. एका ग्लासात आरओचं पाणी घेऊन त्यात मीटर बुडवला, तर काटा जेमतेम हलला. चिमूटभर मीठ टाकलं आणि काटा थेट ‘ओलं’च्या टोकाला! म्हणजे खताचं पाणी दिलेली कुंडी त्याला नेहमीच ओली वाटणार. सामूच्या आकड्यावर तर अजिबात विसंबू नका.

दुसरा, काट्याचमच्यासारखा दोन दातांचा स्वस्त सेन्सर. मातीत सतत चालू ठेवला तर दातांवरचा मुलामा झिजतो. माझा तीन आठवड्यांत हिरवा पडला. त्यावर आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

तिसरा कपॅसिटिव्ह सेन्सर, आणि दहा महिने टिकला तो हाच. चपटी पट्टी असते, धातू मातीला लागत नाही. पाण्याचा विद्युत अपारकता स्थिरांक (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट, म्हणजे पदार्थ किती विद्युतभार साठवू देतो तो आकडा) ऐंशीच्या आसपास, कोरड्या मातीचा तीन ते पाच आणि हवेचा एक. या फरकावरून पट्टीला भोवतालची ओल कळते. चार पट्ट्या घेतल्या, ईएसपी३२ या वायफाय असलेल्या छोट्या सर्किट बोर्डाला जोडल्या, दर तासाला आकडा फोनवर. जोडणार असाल तर पिना ३२ ते ३९ यांतल्याच घ्या. इतर पिनांवरचं मोजमाप वायफाय चालू असताना बंद पडतं. माझ्या दोन संध्याकाळी यातच गेल्या.

माझ्या पट्टीचा आकडा हवेत २७८० आणि ग्लासभर पाण्यात ११४०. सगळे करतात तसं मीही यालाच शून्य आणि शंभर टक्के धरलं, आणि महिनाभर गोंधळले. नुसत्या कोकोपीटमध्ये ‘४० टक्के’ आले की मिरचीचं रोप माना टाकायचं; मोगऱ्याच्या चिकट मातीत तेवढेच ४० आले तरी झाड टवटवीत.

हे काकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “अगं, टक्के कशाला बघतेस? वाफसा कधी येतो ते बघ. मूठभर माती घे, लाडू वळ आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोड. वळलाच नाही तर कोरडी, पडून तसाच राहिला तर चिखल, पडून फुटला की वाफसा.”

मातीत ओलही आहे आणि मुळांना हवाही आहे, अशी ती अवस्था. कुंडीतल्या झाडालाही तेच हवं असतं. मग प्रत्येक सेन्सरच्या कुंडीत मी रोज सकाळी पट्टीशेजारची मूठभर माती काढून लाडू वळून पाहिला आणि तो फुटेल त्या दिवशीचा आकडा वहीत लिहिला. लाल माती, गांडूळखत आणि थोडं कोकोपीट या मिश्रणात वाफसा १७०० च्या आसपास येतो. नुसत्या कोकोपीटचा लाडू नीट वळत नाही. तिथे मूठ घट्ट पिळल्यावर बोटांच्या फटीत पाण्याचे एक-दोन थेंब येतात का, एवढंच पाहिलं. आता फोनवर टक्के दिसतच नाहीत, तीनच शब्द दिसतात: ओलं, वाफसा, कोरडं.

याचा खरा उपयोग पाणी किती दिवसांनी घालायचं ते ठरवायला झाला. बारा इंची मातीच्या कुंडीतला मोगरा भरपूर पाणी दिल्यावर डिसेंबरात सहा दिवसांनी कोरडा व्हायचा, मेमध्ये दीड दिवसात, आणि जुलैत पुन्हा सहा-सात दिवस. छज्जाखाली असल्याने त्याच्यावर पाऊस पडत नाही, पण हवाच इतकी दमट की पाणी उडत नाही. मी मात्र वर्षानुवर्षं बाराही महिने एक दिवसाआड पाणी घालत आले होते! मेमधल्या एका दुपारी जास्वंदीची पानं लोंबलेली दिसली, हात लगेच झारीकडे गेला. फोन म्हणत होता ‘ओलं’. थांबले. संध्याकाळी सातला पानं आपोआप वर आली. उन्हाच्या तडाख्यात पानांतून जेवढं पाणी उडतं तेवढं मुळांना ओढता येत नाही, एवढंच होतं.

आता तक्रारी. पट्टीच्या कापलेल्या कडा उघड्या असतात, तिथून पाणी आत शिरून थर फुगतात. आधीच नेलपॉलिशचे तीन हात द्या, वरच्या सर्किटला श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा. मी चौथ्या पट्टीला ट्यूब लावायची टाळली आणि जुलैतल्या पावसाच्या एका झडीनंतर ती कायमची ‘ओलं’ दाखवायला लागली. दुपारी उन्हात आकडा भरकटतो, म्हणून मी सकाळी सहाचाच धरते. कोकोपीट पार वाळलं की आक्रसतं, पट्टीभोवती फट पडते आणि आकडा एकदम कोरडा होतो. तो खोटा म्हणावा तर तेव्हा पाणीही त्याच फटीतून थेट ताटलीत उतरतं आणि मुळं कोरडीच राहतात. अशी कुंडी बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी लागते.

सर्वांत मोठी उणीव म्हणजे वरून खोचलेली पट्टी वरचे तीन-चार इंचच पाहते. कढीलिंब मेला तो त्याखाली. म्हणून ग्रो-बॅगला तळापासून चार इंचांवर चीर देऊन पट्टी आडवी आत घातली, सर्किट बाहेर, फट सिलिकॉनने बंद. माझ्या मते सेन्सरची खरी जागा हीच.

पाच-सहाच कुंड्या असतील तर हे काही घेऊ नका. पाणी दिल्यावर कुंडी उचलून वजन हाताला कळू द्या, दोन दिवसांनी पुन्हा उचला. जड, न उचलणाऱ्या कुंड्या असतील, किंवा पाणी घालायला दुसऱ्यावर सोपवून गावाला जात असाल, तर कपॅसिटिव्ह जरूर घ्या.

जानेवारीत काकांनी त्याच झाडाचा नवा फुटवा दिला. आडवी पट्टी त्याच्याच बॅगेत आहे. या जुलैत त्याला नऊ दिवसांत एकदाच पाणी दिलं, आणि काल शेंड्याला तांबूस पालवी दिसली.