इंटरसेप्टर ६५०: एअरबॉक्स, थ्रॉटल बॉडी आणि नऊ हजार किलोमीटर

माझी रॉयल एन्फिल्ड इंटरसेप्टर ६५० ही २०१९ची, म्हणजे बीएस-४ या प्रदूषण-नियमांच्या काळातली गाडी आहे. गेल्या ऑक्टोबरात, मीटर १४,००० किलोमीटरवर असताना, मी कराडच्या घरातील पडवीत तिचा एअर फिल्टर, एअरबॉक्सचे (फिल्टर ज्यात बसतो त्या डब्याचे) झाकण आणि दोन्ही थ्रॉटल बॉड्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारे भाग) यांना हात घातला. आता मीटर २३,०००च्या पुढे गेले आहे. ज्या कामाला साधारण साडेतीनशे रुपये लागले, ते काम आजही गाडीवर आहे. आणि ज्या सामानावर वीस हजारांहून अधिक गेले, त्यातले बहुतेक माळ्यावर खोक्यात आहे. असे का झाले, ते सविस्तर लिहितो.

गाडीची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. ६४८ सीसीचे हे इंजिन दोन सिलिंडरचे असून दोघांना मिळून एकच एअरबॉक्स आहे, परंतु थ्रॉटल बॉडी प्रत्येकाची वेगळी आहे. मूठ पिळली की केबल दोन्ही बटरफ्लाय (थ्रॉटल बॉडीतील चपट्या झडपा) एकदम उघडते, आणि ती दोन्ही किती समान उघडावीत हे त्यांच्या मधल्या जोडावरील एका लहान स्क्रूवर ठरते. किती पेट्रोल सोडायचे, याचा हिशोब ईसीयू (इंजिनाचा संगणक) थ्रॉटलची स्थिती, इनटेकमधील (हवा आत जाण्याच्या वाटेतील) दाब, इंजिनाचे फेरे आणि ऑक्सिजन सेन्सर यांच्या आधारे करतो. वाहणारी हवा प्रत्यक्ष मोजणारा सेन्सर येथे नाही. पुढचे बरेचसे रामायण या एका गोष्टीतून घडले.

पहिल्या रविवारी मी कागदी फिल्टर काढून तेल लावलेला सुती फिल्टर बसवला आणि एअरबॉक्सचे मूळ झाकण काढून त्याजागी मोठ्या तोंडाचे झाकण लावले. काम तासाभराचे होते. गाडी सुरू करताच जो खर्जातला आवाज सीटखालून आला, त्याने मी अक्षरशः हुरळून गेलो, हे मान्य करायला हरकत नाही. पहिले दोन आठवडे गाडी जोरात पळते आहे अशी माझी पक्की खात्री होती. मग एका पहाटे महामार्गाच्या एकाच सपाट पट्ट्यावर, सहाव्या गिअरमध्ये, ताशी ६० ते १०० किलोमीटर जायला किती वेळ लागतो हे मीटरचे चित्रण करून मोजले. मूळ फिल्टरवर मी आधीच घेतलेली सरासरी ८.६ सेकंदांची होती; नव्या फिल्टरवर ती ८.९ सेकंद भरली. जोर वाढला नव्हता, केवळ आवाज वाढला होता, आणि कानाने मनाची फसवणूक केली होती.

असे होण्यामागे कारण आहे. एअरबॉक्स म्हणजे केवळ फिल्टर ठेवायचा डबा नव्हे. त्याचे आकारमान आणि तोंडाच्या नळीची लांबी यांमुळे ठरावीक फेऱ्यांना हवेच्या लहरी सिलिंडर भरण्यास मदत करतात, आणि इनटेकचा आवाजही तेथेच दबतो. या इंजिनाचा ५२ न्यूटन-मीटरचा सर्वाधिक टॉर्क (ओढण्याचा जोर) मिनिटाला ५,२५० फेऱ्यांना मिळतो, आणि रोजच्या वापरात आपण बहुतेक वेळ त्याच्या खालीच असतो. तोंड मोठे केल्याने वरच्या फेऱ्यांना थोडा मोकळेपणा येत असेलही, परंतु कुंभार्ली घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ३,००० फेऱ्यांवर वळणातून बाहेर पडताना जो भरीव ओढा मिळत असे, तो पातळ झाला होता.

त्यातच मिश्रणाचा प्रश्न आला. एका ठरावीक वेगाने शांतपणे जाताना ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीयू मिश्रण सावरून घेतो, पण मूठ जोरात पिळली की तो सेन्सरकडे दुर्लक्ष करून आपल्या ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल सोडतो. त्या तक्त्याला नव्या झाकणाची वार्ता नसते. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. निव्वळ पेट्रोलला एका भागास सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर या मिश्रणाला साधारण १३.५ भागच पुरते. म्हणजे तक्ता तोच ठेवला, तर मिश्रण मुळातच थोडे कोरडे, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असे, होते. आमच्या भागातल्या उसाचेच इथेनॉल आमच्याच टाकीत येते, तेव्हा तक्रार कोणाकडे करायची हाही एक प्रश्नच आहे. मूठ सोडताना सायलेन्सरमधून फट्-फट् आवाज येऊ लागले, उतारावर तर ते लाज वाटावी इतके वाढले, आणि शेजारच्या आजोबांनी एकदा सकाळी फाटकाशी थांबवून विचारले, "काय रे, दिवाळी संपली नाही का अजून?"

नोव्हेंबरात मी पिगीबॅक घेतला, म्हणजे ईसीयू आणि इंजेक्टर यांच्या मध्ये बसणारा, पेट्रोलचे प्रमाण वरखाली करू देणारा छोटा डबा. वायरिंगला कात्री लावावी लागत नाही, जोड आयते असतात, त्यामुळे बसवणे अवघड नव्हते. अवघड होते ते त्याच्यात काय भरायचे हे ठरवणे. विक्रेत्याने 'याच फिल्टरसाठी' म्हणून एक तक्ता दिला, पण तो कोणत्या पेट्रोलवर आणि कोणत्या हवेत बनवला, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. खरे मिश्रण पाहायचे तर हवा-पेट्रोलचे प्रमाण नेमके मोजणारा वाइडबँड सेन्सर लागतो आणि तो बसवण्यासाठी सायलेन्सरच्या नळीला वेल्डिंग करून घ्यावे लागते. तेवढ्या पुढे मी गेलो नाही. म्हणजे मी अंधारात मीठ घालत होतो. वेळ ८.२ सेकंदांपर्यंत उतरली, हे खरे आहे, आणि गाडीची उडीही जाणवण्याइतकी सुधारली. मात्र लिटरला २६ ते २७ किलोमीटर देणारी गाडी २२वर आली. ०.४ सेकंदासाठी लिटरमागे चार-पाच किलोमीटर मोजणे माझ्या हिशोबात बसत नाही. ज्यांची गाडी केवळ रविवारची आहे त्यांच्या हिशोबात कदाचित बसेल.

आता खऱ्या कामाकडे येतो. जानेवारीत मी थ्रॉटल बॉड्यांचे सिंक्रोनायझेशन केले, म्हणजे दोन्ही सारख्या उघडतील अशा जुळवल्या. दोन बटरफ्लायांमध्ये केसभर फरक असला, तरी एक सिलिंडर जास्त ओढतो आणि दुसरा त्याच्या मागे फरफटत जातो, आणि हा फरक सर्वांत जास्त बोचतो तो अगदी कमी थ्रॉटलवर, म्हणजे बाजारपेठेत दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रांगत असताना. त्यासाठी दुकानात डायलचे गेज मिळतात, पण मी घरीच मॅनोमीटर, म्हणजे दोन बाजूंच्या दाबांतला फरक दाखवणारी नळी, बनवला. अर्ध्या फळीवर सहा मीटर पारदर्शक नळी इंग्रजी 'यू'च्या आकारात क्लिपांनी ठोकली, मागे शिंप्याकडची जुनी मोजपट्टी चिकटवली आणि तळाच्या वळणात टू-स्ट्रोक तेल भरले. नळीची दोन्ही टोके थ्रॉटल बॉड्यांच्या व्हॅक्यूमच्या तोट्यांना जोडायची, म्हणजे ज्या बाजूची ओढ जास्त तिकडे तेल चढते. पाऱ्याच्या गेजवर जो फरक जेमतेम अर्धा सेंटिमीटर दिसेल, तो येथे तेल हलके असल्यामुळे आठ सेंटिमीटरच्या आसपास दिसतो. इतकी बारीक नजर असलेले उपकरण साडेतीनशे रुपयांत मिळणे कठीण आहे.

दोन गोष्टी मात्र विसरू नयेत. फरक मोठा असेल तर इंजिन तेल सरळ गिळून टाकेल, म्हणून दोन्ही बाजूंना मध्ये एक-एक लहान घट्ट झाकणाची बाटली बसवावी, जेणेकरून वर चढलेले तेल तिच्यात पडेल. दुसरी गोष्ट अशी, की हे इंजिन २७० अंशांच्या क्रँकचे आहे. फायरिंग एकदा २७० अंशांनी आणि नंतर ४५० अंशांनी होते, त्यामुळे ओढीचे ठोके विषम पडतात आणि तेल थयथया नाचते. मी दोन्ही नळ्यांत बॉलपेनच्या रिफिलचा बोटभर धुतलेला तुकडा घट्ट बसवला, तेव्हा कुठे ते स्थिर झाले.

इंजिन पूर्ण गरम असायला हवे, पण ते हवेवर आणि तेलावर थंड होणारे असल्याने जागेवर फार वेळ चालू ठेवता येत नाही. म्हणून समोर घरातला टेबलफॅन लावला होता, आणि पडवीची बाहेरची बाजू उघडी होती. बंद गॅरेजात हा उद्योग कोणीही करू नये, कारण सायलेन्सरमधील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पहिल्यांदा चावी फिरवली, तेव्हा आयडलिंगला (मूठ न पिळता इंजिन चालू असताना) दोन्ही बाजूंतला फरक ११ सेंटिमीटर होता. म्हणजे गाडी १४,००० किलोमीटर लंगडत चालली होती आणि मी फिल्टरवर पैसे ओतत होतो. मधल्या जोडावरचा स्क्रू एक अष्टमांश फेरा फिरवायचा, मूठ हलकेच पिळून सोडायची, तेल शांत होऊ द्यायचे आणि पुन्हा पाहायचे, असे करता करता चाळीस मिनिटांत, मध्ये दोनदा इंजिन थंड करून, फरक एका सेंटिमीटरच्या आत आला. बटरफ्लायच्या थांब्याचा स्क्रू मात्र मी हलवला नाही, कारण थ्रॉटलच्या स्थितीचा ईसीयूचा सगळा अंदाज त्याच्यावर उभा असतो. तो एकदा बिघडला की घरी मूळ जागेवर आणणे जवळजवळ अशक्य आहे. त्याच वेळी दोन्ही बॉड्यांच्या आतला काळा थर कापडावर क्लीनर घेऊन पुसून काढला. थेट फवारा मारून ब्रशने घासले नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना जो फरक जाणवला, त्याला मोजपट्टी लावायची गरज नव्हती. ताशी वीसच्या वेगाने, मूठ नुसती टेकलेली असताना, गाडी धक्के देत नव्हती. ३,००० ते ४,००० फेऱ्यांच्या दरम्यान हँडलमध्ये येणारी आणि तासाभरात बोटे बधिर करणारी झिणझिण बरीच उतरली. ६० ते १०० किलोमीटरच्या वेळेत काहीही बदल झाला नाही, आणि होण्याची अपेक्षाही नव्हती.

हे सुख तीन आठवडे टिकले. मग लाल दिव्याशी उभे असताना आयडलिंग १,२००वरून आपोआप १,७००वर चढू लागले, खाली येऊन पुन्हा चढू लागले, आणि फट्-फट् दुपटीने वाढले. मी पिगीबॅकवर संशय घेतला, तो काढला. तक्रार कायम राहिली. सेन्सरचे सगळे जोड उघडून पुसले, तरी कायम. दोन रविवार असे गेल्यावर एकदा टाकी उचलून बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर डाव्या थ्रॉटल बॉडीच्या व्हॅक्यूमच्या तोटीवरची रबरी टोपी उभी चिरलेली होती. सिंक्रोनायझेशनच्या वेळी मूळ टोपी फाटली म्हणून मी दुकानातून वीस रुपयांची साधी टोपी आणून लावली होती, आणि इंजिनाच्या धगीने ती वाळून कडक झाली होती. करंगळीच्या नखाएवढी वस्तू, पण बटरफ्लायच्या पुढून, म्हणजे इंजिनाच्या बाजूने, आत शिरणारी हवा ईसीयूला थ्रॉटलची समजते, आणि तिचा त्रास एकाच सिलिंडरला होतो. एअरबॉक्स आणि थ्रॉटल बॉडी यांमधील रबर नीट बसला नाही, तर आयडलिंग बिघडत नाही, पण धूळ न गाळता आत जाते. थ्रॉटल बॉडीच्या पुढे गळती असेल, तर आयडलिंग लगेच बिघडते. हा भेद मला आधी कळला असता, तर दोन रविवार वाचले असते. आता उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनच्या टोप्या आहेत आणि त्यांवर छोट्या क्लिपा आहेत.

सुती फिल्टरविषयी माझे मत मार्चमध्ये पक्के झाले. उसाच्या हंगामात आमच्याकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमुळे जी बारीक धूळ उडते, तिच्यासमोर तो दर दोन हजार किलोमीटरला धुवावा लागला. धुतल्यावर तेल कमी झाले तर धूळ जाते आणि जास्त झाले तर ते पुढे सरकते. मला एकदा एअरबॉक्सच्या तळाशी तेलाचा चिकट ओघळ सापडला. शिवाय उघड्या तोंडाच्या झाकणासह जून-जुलैमध्ये आंबेनळी घाट उतरण्याची माझी छाती नव्हती. मूळ झाकण आणि कागदी फिल्टर परत बसवले, पिगीबॅक कायमचा काढला, सिंक्रोनायझेशन पुन्हा तपासले. मायलेज पुन्हा २६वर आले आणि घाटातला तो खालचा ओढाही परत आला.

कायद्याची बाजूही विचारात घेतली होती. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे वाहनाच्या मूळ वैशिष्ट्यात बदल करता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. फिल्टर त्यात मोडतो की नाही यावर वाद घालता येईल; रस्त्यात थांबवलेल्या माणसाला तो वाद घालण्याची हौस नसते. पीयूसीत मात्र गाडी बदलांसकट सहज पास झाली, कारण ती चाचणी जागेवर उभ्या गाडीची असते आणि माझ्या बदलांचा खेळ सगळा मूठ पिळल्यावरचा होता.

मे महिन्यात, २२,००० किलोमीटरवर, मॅनोमीटर पुन्हा लावला, तेव्हा फरक दीड सेंटिमीटर होता आणि स्क्रूला हातही लावावा लागला नाही. फळी आता पडवीच्या भिंतीवर सायकलच्या पंपाशेजारी टांगलेली आहे. गल्लीतल्या एका काँटिनेंटल जीटीवाल्या (याच इंजिनाची दुसरी गाडी) मुलाने ती पाहून मोठ्या तोंडाच्या झाकणाबद्दल विचारले होते. झाकण विकत देईन, पण आधी गाडी घेऊन ये, तेल कुठे चढते ते पाहू, असे त्याला सांगितले आहे.