अल्टाडीनात पुन्हा घर बांधताना: लाकूड की काँक्रीट?

जानेवारी २०२५ च्या ईटन वणव्यात लॉस एंजलिसजवळच्या अल्टाडीना परिसरात ९,००० हून जास्त इमारती खाक झाल्या. तरी तिथे परत लाकडी सांगाड्याचीच घरं उभी राहतायत, हे पाहून आपल्याकडचा माणूस चक्रावतो. पण लाकूड स्वस्त, कारागीर त्यातच मुरलेले, शिवाय भूकंपात ते लवतं.

दुसरा पर्याय म्हणजे फोमच्या पोकळ साच्यात सळया बांधून ओतलेलं काँक्रीट. साचा काढत नाहीत, तोच उष्णता अडवतो. भिंतीला फटी नाहीत, म्हणून एसीचं बिल कमी. खर्च मात्र जास्त, आणि फोम वितळतो म्हणून बाहेरून प्लास्टर हवंच.

खरी गोम भिंतीत नाहीच. वणव्यात बहुतेक घरं पेटतात ती वाऱ्याने उडत आलेल्या निखाऱ्यांनी, आणि ते माळ्याच्या झरोक्यांतून आत शिरतात. काँक्रीटच्या भिंतींवर लाकडी छप्पर नि उघडे झरोके ठेवले, तर पैसे पाण्यात! उलट लाकडी सांगाड्याला बाहेरून फायबर सिमेंटच्या पट्ट्या, टफन्ड काचेच्या दुहेरी खिडक्या, झरोक्यांना बारीक जाळी, आणि भिंतीलगतच्या ५ फुटांत एकही झुडूप नाही, एवढं केलं तरी घर बरंच तग धरतं. बेताच्या बजेटात मी लाकूडच घेईन.