जुनी मंडळी की फेलोशिप: दीक्षा मागायची तर कुठं?

मेळघाटातल्या एका ट्रान्स पोरीनं फोनवर विचारलं, "ताई, आपल्यासारखीला पाळक व्हायचं असंल तर कुठं जावं?" मीही तशीच ट्रान्स बाई, आणि जुनी मंडळी नि फेलोशिप दोन्हीकडे राहून आले, म्हणून सांगते.

कॅथलिक वाट आधीच बाजूला ठेवा. तिथं कॅनन १०२४ प्रमाणे बाप्तिस्मा झालेल्या पुरुषालाच दीक्षा. आपल्याला बाप्तिस्मा घेता येतो, काही अटींवर धर्ममाताही होता येतं, असं व्हॅटिकननं नोव्हेंबर २०२३ मध्ये सांगितलं, पण गाडी तिथंच थांबते.

फेलोशिप, म्हणजे एखाद्या पास्टरनं चालवलेली नवी स्वतंत्र मंडळी, झपाट्यानं चालते, हे कबूल. शेतात पत्र्याचं शेड, पंधरा-वीस घरं, सहा महिन्यांचा बायबल कोर्स, आणि मोठ्या पास्टरच्या मनात आलं की डोक्यावर हात ठेवून मोकळे. मार्कशीटवरचं जुनं नाव कोणी बघत नाही. मला दुसऱ्याच वर्षी विचारलं होतं.

जुन्या मंडळीचं, म्हणजे आमच्या सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), काम बैलबंडीचं. पास्टोरेट कमिटीची (स्थानिक मंडळीच्या कमिटीची) शिफारस, धर्मप्रांताची मुलाखत, सेरामपूर सिनेटची बी.डी. ही धर्मशास्त्राची पदवी, मग डीकन म्हणजे मदतनीस सेवक, मग कुठं प्रेस्बिटर म्हणजे पूर्ण पाळक. युनियन बिब्लिकल सेमिनरी हे धर्मशास्त्राचं कॉलेज १९८३ साली यवतमाळहून पुण्याला गेली नसती तर मी घरचा डबा नेऊन शिकले असते. असो. आपल्यासारख्या पाळकांचे दाखले द्यायला आहेत. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चमध्ये कॅरल स्टोन या पाळक २००० साली बाई म्हणून आपल्याच मंडळीत सेवेला परतल्या. तमिळनाडूत भारती नावाच्या ट्रान्स बाई 'इव्हँजेलिकल चर्च ऑफ इंडिया'च्या पास्टर झाल्या. मी हे कमिटीपुढं मांडलं, तर एक काका म्हणाले, "ते तिकडचं झालं बाप्पा." सीएनआय जन्मली ती नागपुरात, १९७० साली, आणि तिच्यात अँग्लिकनही आले, हे त्यांना ठाऊक होतं. तरी तिकडचंच.

मग मी फेलोशिप का सोडली? साक्षीपायी.

दर रविवारी गाणी संपली की हाक यायची, "सिस्टर, साक्ष द्या नं!" इतरांची साक्ष दारू सुटली, ताप उतरला, विहिरीला पाणी लागलं, अशी आठवड्याला बदलायची. माझी मात्र तीच हवी असायची: मी आधी काय होते, टाळी कशी वाजवत होते, प्रभूनं कसं सोडवलं. बाहेरगावचा प्रचारक आला की हमखास. आणि ती सांगताना 'मी होते' म्हटलं की पास्टर हळूच दुरुस्त करायचे, "होतो म्हणा, तेव्हा होतो." दोन वर्षं मी दर रविवारी माइकवर 'होतो' म्हटलं. दीक्षा दिली असती तर तीही त्या साक्षीवरच, असं मला वाटतं. त्यांचा हेतू वाईट नसेल. जेवू-खाऊ त्यांनीच घातलं.

जुन्या मंडळीत पापकबुली पुस्तकातली, सगळ्यांची एकदम, 'आम्ही'. आम्ही होतो, आम्ही चुकलो. 'आम्ही'त बाई की पुरुष कळतच नाही! हे मला तिथं तिसऱ्या-चौथ्या रविवारी लक्षात आलं आणि मी पुढचं म्हणायचं विसरले.

तिथंही सगळं गोड नाही. प्रभुभोजनाला माझ्या शेजारची जागा बरेच महिने रिकामी राहायची. एकदा बायबलातल्या यशया ५६ चा पाठ वाचायची पाळी माझ्यावर आली. त्यात 'षंढ' शब्द आहे. गावात तो शिवी म्हणूनच ऐकलेला. वाचला. उपासनेनंतर वडीलमंडळी बाहेर बाकावर बसली होती. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं तूर किती झाली?"

तुला घाई असेल, साक्ष द्यायला जड जात नसेल, तर फेलोशिपमध्ये दोन वर्षांत पास्टर होशील. सगळ्याच फेलोशिपा तशा नसतीलही.

माझा अर्ज जुन्या मंडळीत तीन वर्षं पडून आहे. मागच्या पावसाळ्यात सेक्रेटरींचा फोन आला, फाइलमधला फोटो जुना आहे, नवा पाठवा, साडीतला.