सिलिअ‍ॅकची घरबसल्या डीएनए चाचणी: पैशापेक्षा मोठं नुकसान निदानाचं

सिलिअ‍ॅक म्हणजे गहू, जव, राय यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा करणारा आजार. घरबसल्या डीएनए चाचणीने त्याचं निदान करून देतो म्हणणाऱ्यांच्या फसवणुकीत अहवाल सहसा खोटा नसतो, आणि तिथेच माणसं गंडतात. गालाच्या आतून फिरवलेल्या काडीवर डीएनए पुरेसा मिळतो, या आजाराशी जोडलेलं एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ हे जनुक आहे का तेही बहुधा बरोबर येतं. लबाडी सुरू होते त्यापुढे.

पोट फुगणं, जुलाब, गोळ्या घेऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन यांनी वैतागलेला माणूस जाहिरात बघतो: ‘सुई नाही, डॉक्टर नाही, पक्कं निदान’. पैसे आगाऊ. अहवालात लाल पट्टी, तीत ‘पॉझिटिव्ह, धोका जास्त’. पाठोपाठ ‘आहारतज्ज्ञां’चा फोन: ग्लूटेन आजपासून बंद, ते पचवणाऱ्या एन्झाइमच्या गोळ्या सुरू, सहा महिन्यांनी फेरचाचणी. सगळं एकाच पॅकेजमध्ये.

जनुकं सहा महिन्यांत बदलत नाहीत. ही चाचणी नीट झाली तर आयुष्यात एकदा पुरते. त्यामुळे ‘फेरचाचणी’ ऐकलं की फोन ठेवून द्यावा. गोळ्यांचं म्हणाल, तर सिलिअ‍ॅकमध्ये ग्लूटेन वर्ज्य करण्याला पर्याय ठरेल अशी एकही एन्झाइमची गोळी नाही.

लाल पट्टी काय सांगत नाही ते बघा. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण ३० ते ४० टक्क्यांकडे यातलं एखादं जनुक असतं, आणि आजार होतो सुमारे १ टक्क्याला. म्हणजे जनुक असलेल्या शंभरातल्या सत्त्याण्णव जणांना काहीच होत नाही. चाचणीचा खरा उपयोग उलट्या बाजूने आहे: दोन्ही जनुकं नसतील तर सिलिअ‍ॅक जवळजवळ नाहीच. बायोप्सीचा (आतड्याच्या अस्तराचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा) अर्थ लागत नसेल किंवा रुग्णाने आधीच ग्लूटेन सोडलं असेल, तेव्हा डॉक्टर ती एवढ्यासाठीच सांगतात.

‘निगेटिव्ह’वरही डोळे झाकून विसंबू नका. स्वस्तातल्या काही चाचण्या डीएनएमधल्या मोजक्याच खुणा वाचतात, त्यात डीक्यू२.२ सारखा डीक्यू२चाच प्रकार निसटू शकतो. अहवालात डीक्यूए१ आणि डीक्यूबी१ या, डीक्यू घडवणाऱ्या, दोन्ही जनुकांचे प्रकार आकड्यांसकट लिहिलेले हवेत. नुसता रंग आणि ‘हो-नाही’ असेल तर तो कागद डॉक्टरांच्या फारसा कामाचा नाही.

आता खरं नुकसान. ग्लूटेन सोडलं की या आजारात रक्तात वाढणाऱ्या टीटीजी-आयजीए अँटीबॉडी (प्रतिपिंडं) उतरू लागतात, लहान आतड्याचं अस्तरही भरत जातं. काही महिन्यांनी माणूस डॉक्टरांकडे पोचतो तेव्हा तपासण्या नॉर्मल येतात, आणि आजार नव्हताच की दबला आहे हे कुणालाच सांगता येत नाही. मग पुन्हा ग्लूटेन खाऊन तपासावं लागतं: रोज कमीत कमी ३ ग्रॅम, किमान २ आठवडे, झेपलं तर ८ आठवड्यांपर्यंत. सोडल्यावर बरं वाटलेल्या माणसाला हे नको होतं, अनेक जण अर्ध्यावर थांबतात.

म्हणून क्रम असा ठेवा: गहू, जव, राय नेहमीसारखं खात असतानाच टीटीजी-आयजीएची रक्तचाचणी, आणि सोबत एकूण आयजीए (अँटीबॉडीचा एक प्रकार) किती आहे याची. दुसरी चाचणी गाळू नका. सिलिअ‍ॅकच्या साधारण २ ते ३ टक्के रुग्णांत आयजीएच कमी असतं आणि पहिली चाचणी फसवी नॉर्मल येते. त्यांच्यासाठी आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या अँटीबॉडीवर आधारलेली तपासणी लागते. बायोप्सी करायची झाली तर ग्लूटेन तोवर चालूच.

पॅकेज घेऊन झालं असेल तर अहवाल फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. ‘पक्कं निदान’ म्हणणाऱ्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पावती आणि फोननंतर आलेले मेसेज जपून ठेवा. कार्डाने पैसे भरले असतील तर बँकेकडे लगेच हरकत नोंदवा. संमतीपत्रही पुन्हा उघडून बघा. डेटा तिसऱ्या कंपनीला देण्याच्या चौकटीत कधीकधी आधीच टिक केलेली असते, त्यामुळे पैसे परत मागणाऱ्या ईमेलमध्येच नमुना आणि डेटा नष्ट करण्याची लेखी मागणी घाला.