लेकीचा फेसमास्क : वर्षभराच्या वापरानंतर

लेकीच्या फेसमास्कला, म्हणजे मागे राहिलेला वरचा जबडा पुढे ओढायला चेहऱ्यावर बाहेरून लावतात त्या उपकरणाला, आता वर्ष होत आलं. सुरू करायच्या आधी मी मराठीत कुणाचा तरी नीट अनुभव शोधत होते, पण सापडले ते सगळे मोठ्या मुलांच्या नाहीतर मोठ्या माणसांच्या ब्रेसेसचे. म्हणून हे जरा लांबलचक लिहितेय.

तक्रार अशी, की तोंड मिटलं की तिचे खालचे पुढचे दात वरच्यांच्या बाहेर यायचे. दुधाच्या दातांपासूनच. "पक्के दात आले की बसतील जागेवर," असं घरी सगळे म्हणायचे. सातव्या वर्षी पक्के आले, तेही तसेच. सासूबाईंना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, कारण आमच्या सासऱ्यांची हनुवटी अशीच. डॉक्टरांचा पहिला प्रश्नही नेमका तोच होता : घरात अजून कुणाची हनुवटी पुढे आहे का? हे रक्तात येतं. युरोपातल्या हॅब्सबर्ग राजघराण्याची तसबिरींमधली हनुवटी यासाठीच प्रसिद्ध आहे, त्यामुळे सासरे निदान थोरामोठ्यांच्या पंक्तीला बसले.

डॉक्टरांनी तिची हनुवटी हलकेच मागे ढकलून वरखालचे पुढचे दात टोकाला टोक टेकतात का ते पाहिलं. मग चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढला. खालचा जबडा फार मोठा नव्हता, वरचाच मागे आणि अरुंद राहिला होता. ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची, कारण फेसमास्क मुख्यतः वरच्या जबड्याला पुढे ओढतो. खालचा जबडाच बेसुमार वाढत असेल तर त्याचा जोर फार पुरत नाही. आधी गेलो होतो त्या दवाखान्यात एक्स-रे न काढताच पुढच्या ब्रेसेससकट 'पॅकेज' सांगितलं होतं. तिथून उठलो ते बरं झालं.

आता वस्तूंबद्दल. अरुंद वरचा जबडा रुंद करायला आधी टाळूला प्लेट बसते. आमची वरच्या दाढांवर सिमेंटने चिकटवलेली होती आणि तिच्या मधोमध स्क्रू. रोज रात्री तो घरीच फिरवायचा. मुलीचं डोकं मांडीवर, मोबाइलचा टॉर्च नवऱ्याच्या हातात. तारेची बारीक चावी स्क्रूच्या छिद्रात घालून घशाच्या दिशेने ढकलायची, पुढचं छिद्र समोर दिसेपर्यंत. अर्धवट सोडलं तर दुसऱ्या दिवशी चावी जातच नाही. चावीला दोरा बांधून तो बोटाला गुंडाळायचा, म्हणजे घशात पडायची भीती नाही. एका वेळी पाव फेरा, म्हणजे पाव मिलिमीटर. तिला नाकाच्या मुळाशी दाटल्यासारखं वाटायचं, पाचदहा मिनिटांत जायचं. या वयात टाळूच्या मधला सांधा जुळून घट्ट झालेला नसतो, म्हणून तो असा उघडता येतो.

काही दिवसांत वरच्या दोन पुढच्या दातांमध्ये चांगली फट पडली. हे आधी सांगितलेलं नसेल तर आईबाप हबकतात. आम्हाला सांगितलं होतं, तरी शेजारच्या काकूंनी "अगं, हे काय करून घेतलंस पोरीचं?" विचारलंच. फट म्हणजे सांधा उघडल्याची खूण, आणि ती पुढे आपली आपण बुजली. पहिला आठवडा लाळ, बोबडं बोलणं आणि वरणभात. प्लेटखाली अन्न अडकतं आणि वास येतो, हे कुणी सांगत नाही. प्रत्येक खाण्यानंतर खळखळून चुळा, दुसरा उपाय नाही. चिक्की, ऊस, चकली बंद. संक्रांतीला तिळाची मऊ वडी केली.

मग फेसमास्क. एक गादी कपाळावर, एक हनुवटीवर, दोन्हींना जोडणारी दांडी नाकासमोरून जाते आणि तोंडासमोर एक आडवी सळई. प्लेटच्या हुकांपासून त्या सळईपर्यंत जाड रबरं, दोन्हीकडे एकेक. ओढ सरळ पुढे नसते, थोडी खालच्या दिशेने असते. रबरं रोज नवी. पाकिटांवर प्राण्यांची चित्रं असतात, त्यामुळे ती लावायचं काम लेकीने स्वतःकडे घेतलं आणि माझा अर्धा ताप गेला. सटकलं तर मात्र गालावर सणसणीत बसतं.

खरी परीक्षा तासांची. डॉक्टरांनी रोज बारा ते चौदा तास सांगितले होते. शाळेत न्यायचा नाही असं आम्हीच ठरवलं, त्यामुळे संध्याकाळी खेळून आली की मास्क, अभ्यास मास्कमध्ये, जेवायला काढायचा आणि लगेच पुन्हा. ते 'लगेच पुन्हा' हेच सगळ्यात अवघड. जेवण झालं की दहा मिनिटं, मग कार्टून, मग आजीची गोष्ट, असं करता करता साडेनऊ वाजतात. फ्रिजवर कागद लावून लावल्या-काढल्याच्या वेळा लिहायला लागलो तेव्हा कुठे तास भरायला लागले. झोपेत सुरुवातीला ती ओढून काढायची. कुशीवर झोपणाऱ्या मुलांना जड जातं. पातळ उशी दिल्यावर फरक पडला.

एप्रिल-मेमध्ये हनुवटीवर घामोळं उठलं. गादी रोज साबणाने धुऊन खडखडीत वाळवायची आणि मध्ये जुन्या सुती साडीचा तुकडा, एवढ्यावर भागलं. हनुवटीची गादी एका कडेला टोचत होती, ती डॉक्टरांनी घासून दिली.

फरक? दोनेक महिन्यांत दात टोकाला टोक आले, मग हळूहळू वरचे बाहेर. डॉक्टरांनी मुद्दाम गरजेपेक्षा थोडं पुढे नेलं, कारण काही अंशी ते मागे येणार हे त्यांनी धरलंच होतं. पाव तोडताना पूर्वी ती दाढांनी कुरतडायची, आता पुढच्या दातांनी सरळ चावते. वरचा ओठही भरलेला दिसतो. फोटो शेजारी ठेवले तर सासूबाईसुद्धा मानतात.

पण हे कायमचं झालं, असं समजू नका. वयात येताना खालचा जबडा पुन्हा उचल खातो. ब्रिटनमध्ये दहा वर्षांखालच्या ७३ मुलांवर यासाठी चाचणी झाली होती : काहींना फेसमास्क, काहींना काहीच नाही. सहा वर्षांनी तज्ज्ञांनी तपासलं, तेव्हा फेसमास्कवाल्यांपैकी ३६ टक्के मुलांना पुढे जबड्याची शस्त्रक्रिया लागेल असं त्यांचं मत पडलं. न लावलेल्यांत तेच प्रमाण ६६ टक्के. म्हणजे धोका जवळपास निम्मा, शून्य नव्हे. मला एवढं पुरेसं वाटलं. शिवाय पुढे ब्रेसेस लागण्याची शक्यता आहेच, तो खर्च वेगळा.

आणि दात वाकडा दिसला की लगेच धावा, असंही नाही. माझ्या भाच्याचे वरचे दात पुढे आहेत. आमचं पाहून नणंदेने त्याच डॉक्टरांना गाठलं, तर त्यांनी 'अकरा-बाराचा होऊ दे' म्हणून परत पाठवलं. पुढे आलेल्या दातांवर लवकर उपचार केले काय किंवा वाढीच्या वयात केले काय, शेवटी फारसा फरक राहत नाही. लवकर केल्याचा पक्का फायदा म्हणजे पडझडीत पुढचे दात तुटायचा धोका कमी होतो. भाचा बुद्धिबळवाला आहे, तो थांबू शकतो. उलट्या चाव्याचं, म्हणजे लेकीसारखे खालचे दात बाहेर असण्याचं, मात्र तसं नाही. फेसमास्कचा गुण आठ-नऊच्या आसपास जास्त येतो, त्यामुळे सात वर्षांचं मूल एकदा तरी ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे वाकडे दात आणि जबडे जागेवर आणणाऱ्या दंततज्ज्ञाला, दाखवून घ्या. बीडीएसनंतर याच विषयात एमडीएस केलेले डॉक्टर बघा.

आमचा खर्च एक्स-रे, प्लेट, मास्क धरून चाळीस हजारांच्या आसपास गेला, हप्त्याहप्त्याने. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, तिथे हेच बरंच स्वस्तात होतं. शिकणारे डॉक्टर करतात आणि वर प्राध्यापकांची नजर असते. फक्त फेऱ्या आणि रांगा यांची तयारी ठेवा. गावाहून यायचं असेल तर प्लेटची तपासणी आणि मास्कचं माप एकाच दिवशी देतात का, ते आधी विचारून घ्या.