वारंवारता मागा, व्होल्टेज आपोआप येईल : लिनक्सच्या सीपीयूफ्रीकचे परीक्षण

लिनक्स कर्नलमध्ये (त्या कार्यप्रणालीच्या मुळाशी असलेल्या प्रोग्राममध्ये) प्रोसेसरची वारंवारता, म्हणजे त्याच्या क्लॉकचे सेकंदाला पडणारे ठोके, आणि तिच्याबरोबर व्होल्टेज कमी-जास्त करण्याचे काम ज्या उपप्रणालीकडे आहे, तिचे नाव सीपीयूफ्रीक. ती विकत घ्यावी लागत नाही आणि सहसा वेगळी बसवावीही लागत नाही. लॅपटॉपपासून अँड्रॉइड फोनपर्यंत ती यंत्रात आधीच असते, आणि बहुधा म्हणूनच तिच्याकडे कोणी ग्राहकाच्या नजरेने पाहत नाही. मी ती तीन यंत्रांवर वापरतो: कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा एक जुना लॅपटॉप, इंटेलच्याच अलीकडच्या प्रोसेसरचा रोजच्या कामाचा लॅपटॉप आणि घरातल्या फाइली सांभाळणारा रास्पबेरी पाय ४ हा एका बोर्डाचा छोटा संगणक. तिन्ही ठिकाणी अनुभव इतका निराळा आला, की आपण एकच वस्तू वापरत आहोत यावर विश्वास बसू नये.

या वस्तूचे मोल कळायचे तर आधी एक हिशेब मांडावा लागतो. चालू प्रोसेसर जी वीज खातो, तिचा मोठा भाग वारंवारतेच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्याही प्रमाणात वाढतो. समजा, वारंवारता ३ गिगाहर्ट्झवरून दीड गिगाहर्ट्झवर आणली आणि व्होल्टेज १.२ वरच ठेवले, तर वीज निम्मी लागेल. मात्र तेच काम उरकायला दुप्पट वेळ जाईल, म्हणजे त्या कामापुरता एकूण खर्च होता तेवढाच राहील. आता वारंवारतेबरोबर व्होल्टेजही ०.९ पर्यंत उतरवले, तर वीज मूळच्या सुमारे २८ टक्क्यांवर येते आणि दुप्पट वेळ धरूनही एकूण ऊर्जा ५६ टक्क्यांच्या आसपास लागते. (गळतीची वीज, म्हणजे प्रोसेसर काम करत नसतानाही झिरपणारी वीज, या हिशेबात धरलेली नाही, ती धरली की फायदा थोडा आटतो.) खरी बचत व्होल्टेजमध्ये आहे, वारंवारता हे तिथे पोहोचण्याचे दार आहे. पेंटियम ४ या जुन्या प्रोसेसरसाठीचा पी४-क्लॉकमॉड नावाचा ड्रायव्हर (कर्नल आणि हार्डवेअर यांना जोडणारा भाग) नेमका इथेच फसत असे: तो व्होल्टेजला हात न लावता केवळ क्लॉकचे ठोके गाळायचा, त्यामुळे यंत्र मंद होई आणि बॅटरीला मात्र फारसे काही मिळत नसे.

सीपीयूफ्रीकची मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की ती वापरणाऱ्याकडून व्होल्टेजचा आकडा मागतच नाही. आपण वारंवारतेच्या मर्यादा सांगायच्या, व्होल्टेज तिने किंवा तिच्या खालच्या फर्मवेअरने (हार्डवेअरमध्येच बसवलेल्या प्रोग्रामने) पाहायचे. एआरएम प्रोसेसरच्या अनेक बोर्डांवर ही रचना उघड दिसते: डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या हार्डवेअरच्या वर्णनात, प्रत्येक वारंवारतेसमोर तिला लागणारे व्होल्टेज मायक्रोव्होल्टमध्ये लिहिलेले असते, आणि कर्नल त्या जोड्यांपैकी एक निवडतो. निवड बदलतानाचा क्रमही ठरलेला आहे. वर चढायचे असेल तर आधी व्होल्टेज वाढवायचे, ते स्थिरावले की क्लॉक वाढवायचा. खाली उतरायचे असेल तर आधी क्लॉक कमी करायचा आणि मग व्होल्टेज. क्रम चुकला, तर जास्त वेगाने धावणाऱ्या प्रोसेसरला क्षणभर का होईना अपुरे व्होल्टेज मिळेल आणि गणिते चुकू लागतील. रास्पबेरी पायवर हे काम फर्मवेअर करते, कर्नलचा ड्रायव्हर त्याच्याकडे फक्त वारंवारतेची मागणी नोंदवतो. माझ्या पाय ४ वर ती मागणी ६०० ते १५०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात फिरते. त्याहून वर जायचे असेल, तर कॉन्फिग फाइलमध्ये वारंवारतेसोबत बहुधा जादा व्होल्टेजची ओळही लिहावी लागते. मी ती कधी लिहिली नाही. फाइली सांभाळणाऱ्या यंत्राला घाई कसली?

मागणी कोणी आणि कधी करायची, हे ठरवतात गव्हर्नर, म्हणजे वारंवारता निवडण्याची धोरणे. कोणता गव्हर्नर चालवायचा, ते कर्नलच्या सिस निर्देशिकेतल्या एका फाइलमध्ये लिहायचे. परफॉर्मन्स सतत कमाल मर्यादेवर राहतो, पॉवरसेव्ह सतत किमान मर्यादेवर, आणि युजरस्पेसमध्ये आकडा आपण द्यायचा. ऑनडिमांड २००४ सालचा. तो ठराविक काळाने प्रोसेसर किती व्यग्र होता ते मोजतो आणि भार उंबरठ्यापलीकडे गेला की थेट कमाल वारंवारता गाठतो. कन्झर्व्हेटिव्ह तेच काम पायरीपायरीने करतो. या सगळ्यांवर मात करणारा स्केडयुटिल २०१६ मध्ये कर्नलच्या ४.७ आवृत्तीत आला. तो वेगळी मोजणी न करता शेड्युलरकडे (कोणते काम प्रोसेसरवर कधी चालवायचे हे ठरवणाऱ्या कर्नलच्या भागाकडे) असलेलीच माहिती वापरतो: भाराच्या प्रमाणात वारंवारता काढायची आणि तिला १.२५ ने गुणायचे, म्हणजे भार क्षमतेच्या ८० टक्क्यांवर पोहोचला की पूर्ण वेगाची मागणी होते. ऑनडिमांड मागच्या क्षणाकडे पाहून वागतो, तर स्केडयुटिलला आत्ता रांगेत कोण उभे आहे हे ठाऊक असते. मोठे आणि छोटे गाभे (कोअर) एकत्र असलेल्या चिपवर कोणते काम कोणत्या गाभ्याला दिले तर वीज कमी लागेल, याचा विचार करणारी योजना ५.० आवृत्तीत आली, आणि तीही स्केडयुटिल चालू असेल तरच काम करते.

जुन्या लॅपटॉपवर उपलब्ध वारंवारतांची यादी उघडली, तर चारच आकडे दिसतात: २२६७, २२६६, १६०० आणि ८०० मेगाहर्ट्झ. पहिल्या दोहोंमधला एका मेगाहर्ट्झचा फरक पाहून मला ही लिहिण्यातली चूक वाटली होती. प्रत्यक्षात तो संकेत आहे: यादीतली सर्वांत वरची नोंद म्हणजे टर्बोला, म्हणजे नेहमीच्या कमाल वेगापलीकडे धावण्याला, दिलेली परवानगी, आणि तिच्यातला खरा वेग प्रोसेसर स्वतः ठरवतो. हे कळले की सोपे. मात्र ते यादी पाहून कळत नाही.

कळत नाही अशा गोष्टींत पहिला क्रमांक पॉवरसेव्ह या नावाचा. नव्या लॅपटॉपवर इंटेलचा स्वतःचा ड्रायव्हर, इंटेल-पीस्टेट, काम करतो. २०१३ मध्ये ३.९ आवृत्तीत आलेल्या या ड्रायव्हरच्या सक्रिय पद्धतीत परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह असे दोनच पर्याय असतात आणि स्केडयुटिलला तिथे जागा नसते. पण इथला पॉवरसेव्ह किमान वारंवारतेला चिकटून बसत नाही. तो भारानुसार वर-खाली होतो, आणि वागण्यात ऑनडिमांडच्या जवळचा आहे. एकाच उपप्रणालीत, एकाच फाइलमध्ये, एकाच नावाचे दोन निराळे अर्थ! जुन्या यंत्रावर पॉवरसेव्ह लिहिले की ते ८०० मेगाहर्ट्झवर अडकून पडते, नव्या यंत्रावर तेच लिहिले की सगळे सुरळीत चालते. म्हणून गव्हर्नरची फाइल पाहण्याआधी ड्रायव्हरचे नाव सांगणारी फाइल पाहावी, असे मी प्रत्येकाला सुचवतो.

शिवाय २०१५ च्या स्कायलेकपासून पुढच्या इंटेल प्रोसेसरांत स्पीड शिफ्टची सोय आहे, आणि तिथे वारंवारतेची निवड मुख्यतः प्रोसेसरच करतो. कर्नल त्याला किमान, कमाल आणि कल एवढेच कळवतो. कल म्हणजे ऊर्जा आणि कामगिरी यांपैकी कशाला झुकते माप द्यायचे. त्यासाठी परफॉर्मन्स, बॅलन्स परफॉर्मन्स, बॅलन्स पॉवर आणि पॉवर असे शब्द एका वेगळ्या फाइलमध्ये लिहिता येतात. माझ्या कामाच्या लॅपटॉपवर गव्हर्नर बदलून जे साधले नाही, ते बॅलन्स पॉवर हा कल देऊन साधले. एएमडीचा एएमडी-पीस्टेट हा ड्रायव्हर २०२२ मध्ये ५.१७ आवृत्तीत आला आणि त्यानेही पुढे हीच वाट धरली.

मांडणीबाबत तक्रारी आहेत. सिस निर्देशिकेतल्या फाइलींत आकडे किलोहर्ट्झमध्ये लिहायचे असतात, त्यामुळे २ गिगाहर्ट्झसाठी २०००००० लिहिताना शून्ये मोजत बसावे लागते. लिहिलेले काहीही यंत्र पुन्हा सुरू केल्यावर टिकत नाही. ते टिकवण्यासाठी सुरुवातीला सीपीयूपॉवरची आज्ञा चालवावी लागते किंवा टीएलपीसारखे साधन बसवावे लागते. टीएलपी आणि त्याच कामाचे पॉवर-प्रोफाइल्स-डीमन ही दोन्ही एकाच वेळी चालू ठेवली, तर एकाने लिहिलेले दुसरा पुसतो, तेव्हा त्यांपैकी एकच ठेवावे. स्वतः कर्नल बांधणाऱ्यांना मेन्यूमध्ये मूळ गव्हर्नर निवडता येतो. तिथे परफॉर्मन्स निवडून पुढे विसरून जाणे ही सहज होणारी चूक आहे.

व्होल्टेज स्वतःच्या हाताने उतरवण्याचा नाद मलाही होता. मुख्य कर्नलमध्ये त्यासाठी सर्वसाधारण सोय नाही. इंटेल प्रोसेसरवर एका रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या नोंदीच्या जागेत) थेट लिहिणारी बाहेरची साधने लोक वापरत असत आणि मीही वापरले. लॅपटॉप उन्हाळ्यातसुद्धा गार राहू लागला. मग फर्मवेअरचे एक अद्ययावतन आले आणि ते रजिस्टर कुलूपबंद झाले. मी आधी चिडलो, पण कारण वाचल्यावर राग ओसरला. २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाचा हल्ला उघड झाला होता: याच वाटेने व्होल्टेज नेमक्या क्षणी खाली खेचले, तर प्रोसेसरची गणिते चुकवता येतात आणि इंटेलच्या एसजीएक्स या सोयीने बनवलेल्या सुरक्षित कप्प्यातल्या गुप्त किल्ल्या बाहेर काढता येतात. वापरणाऱ्याच्या हाती व्होल्टेज न देण्याचा सीपीयूफ्रीकचा हट्ट मला तेव्हापासून उणीव वाटत नाही.

त्या गारव्याची भरपाई दुसऱ्या मार्गाने झाली. टर्बो बंद करण्याची फाइल आहे, तिच्यात १ लिहिले. शेवटचे काही शे मेगाहर्ट्झ गाठण्यासाठी प्रोसेसरला सर्वांत जास्त व्होल्टेज लागते आणि उष्णताही तिथेच सर्वांत जास्त होते. तेवढा तुकडा सोडून दिला, तर कार्यालयीन कामात फरक जाणवत नाही. मोठा प्रोग्राम बांधताना मात्र जाणवतो, आणि त्या वेळेपुरता मी तिथे पुन्हा ० लिहितो. अशा वेळी खरी वारंवारता पाहायची, तर टर्बोस्टॅट या साधनावर विसंबावे, कारण चालू वारंवारता दाखवणारी फाइल काही ड्रायव्हरांबाबत केवळ शेवटची मागणी दाखवते, प्रोसेसरने दिलेला वेग नव्हे.

जुना लॅपटॉप आता स्केडयुटिलवर आणि १६०० मेगाहर्ट्झच्या कमाल मर्यादेवर चालतो. त्याच्यावर पीडीएफ वाचणे आणि पत्रे लिहिणे एवढेच होते, आणि पंखा सुरू झाल्याचे मला कित्येक दिवसांत ऐकू आलेले नाही.